रँक वाढते ती चौघांच्या एका निर्णयाने

प्लॅटिनम सहज येतं, थोडं नेट लावलं की डायमंडही येतं, आणि मग क्राउनपाशी गाडी अडते. भिवपुरी रोड स्टेशनच्या आसपासच्या कॉलेजांतली मुलं, भिवपुरी कॅम्पातली पोरं, कर्जत लोकलने रोज मुंबईला नोकरीला जाणारे तरुण, बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) खेळणाऱ्या कुणालाही विचारा, तक्रार एकच असते: ‘रोज खेळतो, किलही होतात, पण रँक हलत नाही.’ यातल्या बहुतेकांचा नेम चांगला असतो. कमी पडतं ते वेगळंच. चौघं एका स्क्वॉडमध्ये असतात, पण चार वेगवेगळ्या मॅच खेळत असतात.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. महागडा फोन नाही, घरात फायबर नाही, दिवसाला जेमतेम दीड तास हाताशी आहे, अशा परिस्थितीतही रँक वाढवता येते. त्यासाठी मॅचची संख्या वाढवण्यापेक्षा प्रत्येक मॅचमधले निर्णय सुधारावे लागतात.

रँकचं गणित आधी समजून घ्या

शिडी सगळ्यांना पाठ असते: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस, एस मास्टर, एस डॉमिनेटर आणि सर्वांत वर कॉन्करर. कॉन्करर ही पदवी सर्व्हरवरच्या पहिल्या ५०० जणांनाच मिळते. ही शिडी चढण्याचं गणित मात्र फार थोडे जण बघतात.

एरंगेलसारख्या मोठ्या नकाशावरच्या क्लासिक मॅचमध्ये १०० जण उतरतात. गुण ठरताना तुम्ही किती वेळ जगलात, शेवटी कितव्या क्रमांकावर होतात आणि किती किल केलेत, हे सगळं धरलं जातं. खालच्या पायऱ्यांवर लवकर मेलात तरी फारसं नुकसान होत नाही, म्हणून तिथे बेधडक खेळणाराही वर सरकतो. वरच्या पायऱ्यांवर मात्र लवकर मरणं महागात पडतं. पोचिंकीसारख्या गर्दीच्या जागी उतरून तीन किल करून पाचव्या मिनिटाला मेलेला खेळाडू तिथे उणे गुण घेऊन बाहेर पडतो. एकच किल करून शेवटच्या तीन संघांत पोहोचलेला खेळाडू अधिक गुण घेऊन जातो. एका मॅचमध्ये कमावलेलं पुढच्या दोन घाईच्या मॅचमध्ये निघून जातं, ते यामुळेच.

स्पर्धांचं गणित थोडं निराळं आहे. गेल्या काही वर्षांत बीजीएमआयच्या मोठ्या स्पर्धांत १६ संघ असतात. पहिल्या क्रमांकाला १० गुण, मग ६, ५, ४, ३, २, १ आणि आठव्याला १, शिवाय प्रत्येक किलला १ गुण. म्हणजे चार किल करून नववा आलेला संघ ४ गुण घेतो आणि तेवढेच किल करून दुसरा आलेला संघ १०. दोन्हीकडे धडा एकच: किल हवेतच, पण शेवटापर्यंत टिकणाऱ्या संघाचे.

नेट आणि फोन

आपल्या भागाची अडचण नीट समजून घ्या, म्हणजे उपायही सापडतो. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला माथेरानचा डोंगर. मोबाइलचा सिग्नल डोंगराआड गेला की क्षीण होतो. त्यामुळे स्टेशनजवळ एक कंपनी चांगली चालते आणि डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवर दुसरीच. एका टॉवरचं इंटरनेट त्याच्या टप्प्यातल्या सगळ्यांमध्ये वाटलं जातं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यासाठी मुंबई-पुण्याची गर्दी लोटते, तेव्हा ते वाटेकरी एकदम वाढतात. जोराचा वारा-पाऊस झाला की लाइट जाते आणि घरचं वायफाय बंद पडतं.

पिंग म्हणजे तुमच्या फोनचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. एम४१६ बंदुकीतून सेकंदाला साधारण ११-१२ गोळ्या सुटतात. म्हणजे पिंग ३०० मिलिसेकंद असेल, तर समोरच्याच्या तीन गोळ्यांएवढा वेळ निव्वळ वाटेत जातो. तुम्ही भिंतीमागे लपलात असं तुम्हाला दिसतं आणि तरीही तुम्ही मरता, ते याच उशिरामुळे. पिंग सतत थोडी जास्त असेल तर हाताला सवय होते. ती ५० वरून २५० वर आणि पुन्हा खाली अशी उड्या मारत असेल, तर तिथे कौशल्य चालत नाही.

म्हणून हे करा:

• मॅच लावण्याआधी ट्रेनिंग ग्राउंडमध्ये दोन-तीन मिनिटं थांबून पिंगचा आकडा बघा. तो नाचत असेल तर त्या वेळी रँकची मॅच लावू नका, सराव करा.

• घरातली जागा ठरवा. खिडकीजवळ, ओट्यावर, गच्चीवर, कुठे आकडा स्थिर राहतो ते एकदा शोधा आणि रोज तिथेच बसा.

• लोकलमध्ये रँकची मॅच खेळू नका. धावत्या गाडीत फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जात राहतो आणि त्या क्षणी खेळ अडकतो. आपलं स्टेशन आलं म्हणून मॅच सोडली, तर उरलेल्या तिघांचं नुकसान होतं. लोकलचा वेळ नकाशा बघायला आणि स्पर्धांचे व्हिडिओ बघायला वापरा.

• ग्राफिक्स ‘स्मूथ’वर ठेवा आणि तुमच्या फोनला अर्ध्या तासाच्या मॅचभर झेपेल एवढाच फ्रेम रेट निवडा. सुरुवातीला ६० आणि फोन तापल्यावर ३५ अशी घसरण होण्यापेक्षा सरळ ४० परवडतात.

• चार्जिंगला लावून खेळू नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात फोन आधीच तापलेला असतो, चार्जिंगने आणखी तापतो आणि वेग कमी करतो. फोनचं जाड कव्हर काढून ठेवा.

चौघं ठरवा आणि कामं वाटा

अनोळखी रँडम खेळाडूंबरोबर डायमंडपर्यंत जाता येतं. त्यापुढे कायमचे तीन साथीदार शोधा. चारही जण फार भारी असायला हवेत असं नाही. वेळ जुळणारा, नेट बऱ्यापैकी असणारा आणि मेल्यावर आरडाओरडा न करणारा साथीदार उत्तम नेमबाजापेक्षा जास्त रँक मिळवून देतो.

बीजीएमआय येण्याआधी, २०१९च्या मार्चमध्ये, हैदराबादला पबजी मोबाइल इंडिया सीरिजची अंतिम फेरी झाली. ती जिंकणाऱ्या ‘सोल’ संघाचा मुंबईकर नमन माथुर, म्हणजेच ‘मॉर्टल’, तेव्हापासून घराघरात माहीत झाला. त्याचे वैयक्तिक क्लच लोकांच्या लक्षात राहिले. पण त्या संघाचे जुने सामने आज पुन्हा बघा आणि आवाजाकडे कान द्या. एक जण ठरवतो आणि बाकीचे त्याप्रमाणे हलतात. शिकण्यासारखं आहे ते हे.

कामांची वाटणी अशी करा. एक जण आयजीएल, म्हणजे इन-गेम लीडर: कुठे उतरायचं, कधी निघायचं, लढायचं की टाळायचं, हे तो सांगेल. एक जण एन्ट्री: इमारतीत पहिला शिरणारा, जवळच्या लढाईत पक्का. एक जण लांब पल्ल्याचा: एम२४ किंवा कार९८ घेऊन टेकडीवरून नजर ठेवणारा. आणि एक जण सपोर्ट: स्मोक, ग्रेनेड, जादा फर्स्ट एड बाळगणारा, नॉक झालेल्याला उचलणारा.

आपला रायगड कबड्डीचा जिल्हा, त्यामुळे हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. साखळी धरलेल्या दोघांपैकी एकाने हात सोडून एकट्याने झेप घेतली की चढाईवाला दोघांनाही बाद करून जातो. इथेही एकटा पुढे पळालेला साथीदार स्वतः तर मरतोच, शिवाय उरलेल्या तिघांना त्याच्यामागे ओढतो.

आयजीएलचा निर्णय चुकला तरी मॅच चालू असताना तो पाळा. चौघांनी मिळून घेतलेला मध्यम निर्णय चालून जातो. दोघांनी एक आणि दोघांनी दुसरा असे उत्तम निर्णय घेतले, तर संघ फुटतो. वाद मॅच संपल्यावर घाला.

उतरायचं कुठे

एरंगेल हा आठ किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद नकाशा. पोचिंकी, स्कूल, जॉर्जोपोल, मिलिटरी बेस इथे नेहमी गर्दी. रँक वाढवायची असेल तर या जागा सरावासाठी ठेवा.

तुमच्या संघाने तीन जागा कायमच्या ठरवाव्यात: विमान कुठल्याही रेषेने गेलं तरी त्यातली एक तरी सापडेल अशा. प्रत्येक जागेत चौघांची घरंही ठरलेली असावीत. कोण कुठल्या इमारतीवर उतरतो, गाडी कोण आणतो, हे आधीच पक्कं असलं की पहिल्या चार-पाच मिनिटांत लूट संपते. गटका, मिल्टा, प्रिमॉर्स्क अशा जागा चौघांना पुरेशी लूट देतात आणि पोचिंकीएवढी झुंबड तिथे क्वचितच असते.

मिलिटरी बेस दक्षिणेच्या सोस्नोव्का बेटावर आहे. मुख्य भूमीला जोडणारे पूल दोनच. झोन उत्तरेला पडला की सगळ्यांना त्याच पुलांवरून यावं लागतं आणि पुलाच्या तोंडाशी कुणीतरी दबा धरून बसलेलं असतं. तिथे उतरलातच, तर पहिला झोन आवळायच्या आत बेट सोडा, नाहीतर बोट शोधून ठेवा.

लुटीत किती वेळ घालवायचा, यालाही मर्यादा हवी. एक चांगली रायफल, तिच्या दीडशे-दोनशे गोळ्या, बरं हेल्मेट-व्हेस्ट, तीन स्मोक, दोन ग्रेनेड, दोन फर्स्ट एड, थोडी एनर्जी ड्रिंक आणि पेनकिलर एवढं जमलं की निघा. फर्स्ट एडने जीव ७५ टक्क्यांपर्यंतच भरतो. वरचा ड्रिंक आणि पेनकिलरने भरतो, म्हणून लढाईआधीच ती पिऊन घ्या. सहापटीच्या स्कोपसाठी आणखी दहा घरं धुंडाळण्यात जो वेळ जातो, त्यात दुसरा संघ झोनमधली चांगली जागा घेऊन बसतो.

बोलायचं कसं

आवाजावर सगळं अवलंबून आहे आणि नेमकं तिथेच बहुतेक स्क्वॉड कच्चे असतात. ‘अरे इकडे आहे, इकडे, मार मार!’ या वाक्यातून कुणालाच काही कळत नाही. स्क्रीनच्या वरच्या बाजूला होकायंत्राचे आकडे असतात. त्यांचा वापर करा. हाक या क्रमाने द्या: दिशा, खूण, किती जण, काय अवस्था.

‘२१०, पिवळ्या घराच्या मागे, दोघं, एक नॉक.’

एवढं ऐकलं की तिघांच्या बंदुका एकाच दिशेला वळतात. त्यावर आयजीएलने एकच शब्द बोलायचा: ‘चला’ किंवा ‘थांबा’. ‘चला’ म्हटलं की तिघं निघतात, चौथा मागून गोळीबार चालू ठेवतो. ‘थांबा’ म्हटलं की कुणीही पुढे जायचं नाही, समोरचा एकटा दिसत असला तरी.

मेलेल्या खेळाडूने शेवटची माहिती एका वाक्यात द्यावी आणि मग गप्प बसावं. पावलांचा आवाज ऐकण्यावर जिवंत असलेल्याचा जीव अवलंबून असतो. ‘मी तर म्हटलं होतं’ हे वाक्य मॅच संपेपर्यंत मनातच ठेवा. इअरफोन वायरचा चालेल, स्वस्तातला चालेल, पण इअरफोनशिवाय रँकची मॅच खेळू नका.

झोन, गाडी आणि टाळायची लढाई

सुरुवातीच्या झोनबाहेर थोडा वेळ तग धरता येतो. पुढच्या झोनमध्ये मात्र काही सेकंदांत जीव जातो. तरी अनेक संघ झोन अंगावर आल्यावर पळायला लागतात आणि आधीच आत बसलेल्यांचं निशाण होतात. पांढरा गोल दिसला की लगेच निघा. गाडी लांब उभी करू नका, टायर सलामत ठेवा, आणि उतरताना ती आडोसा म्हणून वापरा.

झोनमध्ये जागा घेताना मधलं घर सगळ्यांना हवंसं वाटतं. तिथे चारही बाजूंनी हल्ला होतो. कडेची उंच जागा घेतलीत, तर पाठीकडून येणारे कमी होतात आणि झोन सरकला तर निघायची वाटही मोकळी राहते.

लढाई सुरू करण्याआधी आयजीएलने तीन गोष्टी बघाव्यात. समोरचे किती जण दिसताहेत? आपल्याकडे आडोसा आहे का? जवळपास तिसरा संघ आहे का? दोन संघ भिडले की गोळ्यांचा आवाज लांबवर जातो आणि तिसरा येऊन दोघांनाही संपवतो. मिनिटभरात निकाल लागत नसेल, तर लढाई सोडून जागा बदला. अशी माघार घेतली म्हणून रँक कधीच कमी होत नाही.

साथीदार नॉक झाला तर

बऱ्याच मॅच इथे हरल्या जातात. एक नॉक होतो, दुसरा धावत उचलायला जातो, तोही पडतो, तिसरा गोंधळतो, आणि अर्ध्या मिनिटात संघ संपतो.

उचलायला साधारण दहा सेकंद लागतात. शत्रूला तुमची जागा माहीत असते आणि तुम्ही तिथेच येणार हेही त्याला माहीत असतं. म्हणून क्रम असा ठेवा. पडलेल्याने स्वतः सरपटत आडोशाला जायचं. सपोर्टने एक नव्हे, दोन स्मोक टाकायचे: एक पडलेल्याजवळ, एक शत्रूच्या नजरेच्या रेषेत. उरलेल्या दोघांनी त्या दिशेला गोळीबार चालू ठेवायचा. मगच उचलायचं. शत्रूचाही एक जण नॉक असेल तर हिशेब बदलतो: त्यांचा एक जण उचलण्यात गुंतलेला असतो, तेव्हा उचलत न बसता चढाई करणं फायद्याचं ठरतं. हा निर्णय दोन सेकंदांत घ्यावा लागतो, म्हणून तो आधी बोलून ठेवलेला असावा.

सराव थोडा, पण रोज

रँकच्या मॅचआधी पंधरा-वीस मिनिटं हात मोकळा करा. ट्रेनिंग ग्राउंडमध्ये एकच बंदूक घ्या, भिंतीवर पूर्ण मॅगझिन सोडा आणि गोळ्या किती लहान घेरात बसतात ते बघा. मग एखादा टीडीएम खेळा. त्यात चार विरुद्ध चार असतात आणि ४० किलला डाव संपतो. जवळच्या लढाईचा एवढा स्वस्त सराव दुसरा नाही, कारण तिथे मेलात तरी पुन्हा लगेच उभे राहता.

यूट्यूबवरच्या नामवंतांची सेन्सिटिव्हिटी जशीच्या तशी उतरवू नका. त्यांचा फोन, बोटं, स्क्रीन वेगळी. स्वतःची बसवा आणि किमान पंधरा दिवस तिला हात लावू नका. रोज सेटिंग बदलणाऱ्याचा हात कधीच बसत नाही. जायरोस्कोप शिकायचा असेल तर सीझन नुकताच सुरू झालेला असताना शिका. पहिले काही दिवस खेळ बिघडेल, त्याची तयारी ठेवा.

सगळ्यांत मोलाचा सराव मात्र मॅच संपल्यावर होतो. लगेच पुढची मॅच लावू नका. पाच मिनिटं चौघांनी बोला आणि एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा: आपण अडचणीत नेमके कधी आलो? ‘मला मागून मारलं’ हे उत्तर अपुरं आहे. मागून मारलं, कारण त्या बाजूला कुणाची नजर नव्हती. नजर नव्हती, कारण चौघंही एकाच क्रेटवर लूट करत होते. क्रेटवर गेलो, कारण लढाई संपली असं धरून चाललो. इथवर पोहोचलात की उपाय आपोआप सापडतो: क्रेट उघडताना दोघं लुटतील, दोघं पहारा देतील. एका वहीत अशी एकेक ओळ लिहून ठेवा. काही दिवसांनी तीच चूक पुन्हापुन्हा दिसायला लागते, आणि ती दिसली की सुधारते.

यांपासून लांब राहा

हॅक वापरू नका. खातं तर जातंच, खेळ चालवणारी क्राफ्टन कंपनी त्या फोनवरही बंदी घालू शकते. दुसऱ्याकडून पैसे देऊन रँक वाढवून घेऊ नका. त्या रँकच्या मॅच तुम्हालाच खेळायच्या आहेत. यूसी (खेळातलं चलन) विकत घेऊन आणलेले कपडे-स्किन दिसायला छान असतात, रँकशी त्यांचा संबंध नाही.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रूमपासून तर कटाक्षाने दूर राहा. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. शे-दोनशे रुपये कुणा अनोळख्याच्या यूपीआयवर पाठवून ‘जिंकलास तर दुप्पट’ खेळणं म्हणजे ई-स्पोर्ट्स नव्हे. हौस असेल तर कॉलेजच्या महोत्सवातल्या आणि अधिकृत स्पर्धा खेळा.

वेळेचंही भान ठेवा. २०२३च्या मे महिन्यात हा खेळ बंदीनंतर भारतात परतला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची आणि मोठ्यांना सहा तासांची मर्यादा घातली गेली. रँकसाठी एवढ्याचीही गरज नाही. थकलेल्या डोळ्यांनी रात्री दीड वाजता खेळलेल्या मॅच हमखास उणे जातात. लागोपाठ दोन मॅच वाईट गेल्या, तर त्या दिवशीचा खेळ बंद. हा नियम चौघांनी पाळला, तर महिनाअखेरीस रँकमध्ये फरक दिसेल. सकाळची लोकल आणि कॉलेजचं पहिलं लेक्चरही चुकणार नाही.

पहिला महिना असा खेळा

पहिल्या आठवड्यात रँकची चिंता सोडा. चौघं ठरवा, कामं वाटा, उतरायच्या तीन जागा पाठ करा. दुसऱ्या आठवड्यात फक्त हाक देण्याची शिस्त लावा: दिशा, खूण, संख्या, अवस्था. तिसऱ्या आठवड्यात झोनमध्ये लवकर जाण्यावर भर द्या, किल कमी झाले तरी चालतील. चौथ्या आठवड्यात रोज दोनच मॅच, प्रत्येकीनंतर पाच मिनिटं चर्चा. एक मॅच सुमारे अर्ध्या तासाची, म्हणजे सराव धरून सगळं दीड तासात बसतं.

मुंबईच्या फायबरवर, महागड्या फोनवर खेळणाऱ्यांशी आपली गाठ आहे, हे खरं. नेट आणि फोन तुमच्या हातात पूर्णपणे नाहीत. चौघांनी एकमेकांचं ऐकणं मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे. मोठ्या फोनवाल्या फुटलेल्या स्क्वॉडला साध्या फोनवरचे चार शिस्तीचे खेळाडू हरवू शकतात, आणि क्राउनच्या पुढे जायचं तर हीच शिस्त लागते. आज रात्री मॅच लावण्याआधी तिघांना फोन करा आणि पहिला प्रश्न ठरवून टाका: आपला आयजीएल कोण?